लतिका मॅडमने लिहिलेला कोड

लतिका सामंत एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात अठरा वर्षं होती. खातं बंगळुरूला हललं तेव्हा घर गिरगावात, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून ती गेली नाही. दोन वर्षांनी दादरला हितेंद्रच्या कोडिंग क्लासमध्ये शिकवायला लागली. अकरावी-बारावीची मुलं यायची. त्यांना कॉम्प्युटर सायन्सला जायचं असायचं आणि क्लासच्या पाटीवरच लिहिलं होतं, 'प्रोजेक्टसह प्रवेशाची तयारी'.

शिकवण्यात तिला रस होता. मुलं चुकली की ती घाई करत नसे, चूक त्यांना स्वतःला सापडेपर्यंत थांबे. पण कोर्स चार महिन्यांचा आणि मुलांना बोर्ड, सीईटी, ट्यूशन सगळंच. प्रोजेक्ट पूर्ण होईनात. मग हितेंद्रने सांगितलं की तुमचा नमुन्याचा प्रोजेक्ट आहे तोच मुलांना द्या, नावं घालून विद्यापीठांना पाठवू देत. रक्तपेढीत कुठल्या गटाचं रक्त कधी कमी पडेल याचा अंदाज सांगणारा तो प्रोग्रॅम लतिकाने तीन रविवार बसून लिहिला होता. पहिल्यांदा तिने विरोध केला. पुढे मुलं निदान वाचून तरी शिकतील, असं स्वतःला समजावलं. शिफारसपत्रांवर सहीही तीच करायची. त्यात 'विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे तयार केला' असं वाक्य छापलेलंच असे.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास, एका खासगी विद्यापीठाची मेल आली. क्लासच्या दोन विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट अक्षरशः सारखे होते. दोन्हींत एकाच ठिकाणी रोमन अक्षरांत 'हे नंतर बघू' अशी टीपसुद्धा होती. कोणी कोणाचा उचलला, हे शिफारस करणाऱ्या शिक्षिकेने संध्याकाळी पाचपर्यंत लेखी कळवावं, नाहीतर दोन्ही अर्ज बाद होतील.

ती टीप लतिकाची स्वतःची होती. लिहिता लिहिता घातलेली, काढायची राहिलेली.

दोन विद्यार्थी म्हणजे यशोधन आणि आकांक्षा. यशोधन लतिकाच्याच वाडीतला, शेजारच्या प्रितीचा मुलगा. तिसरी-चौथीत असल्यापासून तो काकू काकू करत तिच्या घरात वावरलेला. आकांक्षा डिलाईल रोडच्या चाळीतली. वडील शिवडीला गोदीत ट्रेलर चालवायचे.

हितेंद्रने दार लावून घेतलं. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता. यशोधनच्या शाळेतून दरवर्षी चाळीसेक मुलं आपल्याकडे येतात, हे त्याने आधी सांगितलं. मग म्हणाला, "यशोधनने लिहिला, त्या मुलीने घेतला, एवढंच कळवा. एक तरी वाचेल."

"आणि ती?"

"तिची सीईटी आहे ना. ती निघेल त्यातून."

लतिका उठली. स्टाफरूममध्ये येऊन तिने आकांक्षाला फोन लावला. मुलगी सराव परीक्षा देऊन बसने परस्पर आली, दीड वाजता. मेल वाचून तिचा चेहरा उतरला, पण ती रडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं. माझा स्वतःचा करू का म्हणून. तुम्ही म्हणालात, वेळ नाही, हाच दे."

लतिकाला आठवत होतं. दोन्ही वेळा. दुसऱ्यांदा तर तिने वर न बघताच उत्तर दिलं होतं.

खरं काय ते लिहिलं तर तुझाही अर्ज अडचणीत येईल, असं तिने आकांक्षाला सांगितलं. आकांक्षाने विचारलं की चोर म्हणून तर नाही ना लिहिणार. नाही, म्हटल्यावर ती उठली. घरी काय सांगायचं तेवढं बघते, म्हणाली.

चार वाजता लतिकाने प्रितीला फोन केला. मेल जाण्याआधी हे प्रितीला कळायला हवं, असं तिला वाटलं. प्रितीने सगळं ऐकून घेतलं. यशोधनचे बाबा रात्रंदिवस याच विद्यापीठाचं बोलतायत, म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. "तू फक्त त्याचं नाव नको घेऊस. एवढं कर माझ्यासाठी. बाकी काही मागत नाही."

"दोघांची नावं त्यांच्याकडे आहेतच, प्रिती."

फोन तिकडून बंद झाला.

लतिका लिहायला बसली. हितेंद्र दारात येऊन उभा राहिला. ती लिहीत गेली. कोड माझा आहे. क्लासने तो दोघांना दिला. शिफारसपत्रातलं वाक्य खोटं आहे आणि त्याखाली सही माझी आहे. मुलांनी आम्ही सांगितलं ते केलं. त्यांना काय येतं ते नव्याने तपासावं, ही विनंती. हितेंद्र एवढंच म्हणाला की पाठवल्यावर उद्यापासून येऊ नका. पाचला आठ मिनिटं कमी असताना तिने मेल पाठवली, डबा पिशवीत टाकला आणि जिना उतरली.

विद्यापीठाने दोन्ही प्रोजेक्ट बाजूला ठेवले आणि दोघांना तासाभराच्या ऑनलाइन चाचणीला बोलावलं. यशोधनच्या वडिलांनी त्याला बसू दिलं नाही. अपमान वाटला त्यांना. आकांक्षा बसली. तीन प्रश्नांपैकी दीड सुटला. तिची निवड झाली नाही.

तिला पुढे सीईटीच्या गुणांवर एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालं. त्या फॉर्ममध्ये बाहेरच्या क्लासच्या सर्टिफिकेटसाठी रकानाच नव्हता. दिवाळीत ती लतिकाला भेटायला आली तेव्हा सांगत होती की पहिले पंधरा दिवस इतरांपेक्षा सोपे गेले, मग सगळे सारखेच. पण दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायची भीती वाटत नाही, ते तुमच्यामुळे, म्हणाली. लतिकाला तिची माफी मागायची होती. ती तिने त्या दिवशी मागितली, चहा ठेवता ठेवता, पाठमोरी.

यशोधनने बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला. प्रिती त्या दिवसापासून लतिकाशी बोलली नाही. गॅलरीत समोरासमोर आली तरी नजर खाली. तिच्या घरच्या गौरीच्या हळदीकुंकवाला वाडीतल्या सगळ्यांना बोलावणं गेलं, लतिकाला नाही. नवरा, रघुवीर, एकदा म्हणाला की जाऊन बोल तिच्याशी. लतिकाने विचारलं, काय बोलू?

आता ती वाडीतल्या हॉलमध्ये सहा मुलांना रोज सकाळी शिकवते. सर्टिफिकेट नाही म्हटल्यावर चार जणांचे पालक परत गेले होते.

डिसेंबरात एका रविवारी यशोधन लॅपटॉप घेऊन तिच्या दारात उभा राहिला. चप्पल काढावी की नाही अशा विचारात. "काकू, हे चालत नाहीये. सकाळपासून बसलोय. तू जरा करून दे ना."

"आत ये. तू कर, मी बघते."

तो खाली बसला. ती त्याच्या शेजारी, हात मांडीवर ठेवून. पाऊण तास गेला. दोनदा तो वैतागून उठायला निघाला, दोनदा परत बसला. बाहेर गॅलरीत प्रिती कपडे वाळत घालत होती. एकच टॉवेल ती बराच वेळ झटकत होती आणि आत बघत होती.

"बत्तिसाव्या ओळीत काय म्हणायचंय तुला?" लतिकाने विचारलं.

यशोधन ओळ पुन्हा वाचायला लागला.