पांढऱ्या चादरीवरचं ग्रीस

हसायचं असंन तर खुशाल हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. माझ्या हातानं जो घोटाळा झाला तो ऐकून माझी सख्खी बहीण फोनवर पाच मिनिटं नुसती खोकलत होती. अन् त्या दिवशी चूक माझी आहे हे मले सांगायची कोणाची हिंमत नव्हती. एवढी मी तापली होती!

तापली कावून, ते ऐका.

आमचे हे, मधुकरराव, प्लांटमधी फिटर होते. सेक्टर सहाच्या क्वार्टरमधून सकाळी सायकल काढायची, ड्यूटीवर जायचं, संध्याकाळी परत. सारी जिंदगी हेच. मागच्या उन्हाळ्यात रिटायर झाले. शाल, नारळ, गळ्यात झेंडूचे हार घेऊन घरी आले. मले वाटलं, आता हा माणूस आराम करंन. दुसऱ्या दिवशी उठून पाहते तर काय? व्हरांड्यात सायकल उलटी, चाकं वर, अन् हे खाली बसून चेन काढून राहिले!

"अजी, आता कुठी जायचं आहे?"

"कुठी नाही. ओव्हरहॉलिंग करून राहिलो."

एका सायकलची ओव्हरहॉलिंग किती दिवस चालते हो? आमच्या घरी आठ दिवस चालली! रोज खोलायची, रोज जोडायची. सायकल अशी चमकली की तिच्यात तोंड पाहून घ्या. अन् माझं घर? दाराच्या पडद्याले ग्रीस. टॉवेलले ग्रीस. उशीच्या खोळीवर तर अख्खा कान उमटला होता, काळा! आता कानाले ग्रीस कसं लागते, मले सांगा. बेअरिंगचा आवाज ऐकत होते म्हणे, कान लावून!

"हात धुवत जा ना साबणानं!"

"धुतले."

"मग पडद्यावर हे काय आहे?"

"ते कालचं आहे."

कालचं म्हणे! जसं कालचं ग्रीस काढाले कोणी दुसरी बाई येणार होती!

अन् ग्रीस म्हणजे काही वरणाचा डाग नाही, की पाण्यात बुचकळला अन् गेला. पहिले तर पाणी लावायचंच नाही. चमच्यानं जाडं ग्रीस खरवडून घ्यायचं. वरून टाल्कम पावडर थापायची अन् अर्धा तास तसंच ठेवायचं, पावडर तेल पिऊन घेते. मग भांडे घासायचं लिक्विड डागाच्या मागच्या अंगानं लावायचं अन् जुन्या टूथब्रशनं घासायचं. मग गरम पाणी, मग कडक ऊन. आठ दिवसांत टाल्कमचे दोन डबे संपले. पावडर चादरीले, अन् घामोळ्या मले!

शनिवारी सकाळी पलंगावरच्या पांढऱ्या चादरीवर पुन्हा चार बोटं दिसली. मी एवढी बोलली की शेजारची साहूबाई कुंपणापाशी येऊन ऐकाले उभी राहिली. हे गुपचूप टॉवेल घेऊन न्हाणीघरात घुसले.

मी म्हटलं, आता ग्रीसचं जे जे घरात आहे ते एका दमात काढते. खिळ्याले त्यायचा ड्यूटीचा जुना झोला टांगला होता, तोही खाली घेतला. आत हात घातला तर घडी केलेलं कापड. बाहेर काढलं, झटकलं.

अव माय!

पांढरी फक्क चादर, कोरी. अन् तिच्यावर काळं, काळं, नुसतं काळं! घडीत दाबून डाग एकमेकाले चिकटले होते. कुठी पंजा, कुठी अर्धा अंगठा, कुठी नुसता फासलेला लोंदा. मले वाटलं, माझ्या कपाटातली नवी चादर काढली, तिले आठ दिवस हात पुसले, अन् मले दिसू नये म्हणून झोल्यात लपवली! एका कोपऱ्यात तर पंजाले चारच बोटं होती. मी म्हटलं वा, करंगळी तेवढी राखून ठेवली साहेबानं!

न्हाणीघराच्या दारावर थाप मारली. आत नळ सुरू.

"अजी! ही पांढरी चादर तुम्हीच खराब केली ना?"

"हो बाप्पा, मीच केली!"

"मी धुऊन राहिली!"

"धू, धू! चांगली धू!"

आता सांगा, याच्यावर अजून काय विचारायचं?

धुतली. कशी धुतली म्हणता! रागात माणसाच्या अंगात तीन बायकांचं बळ येते. एकेक पंजा खरवडला, एकेक बोट ब्रशनं घासलं. पंजे मोजले असते तर कळलं असतं की माणसाले हात दोन अन् हे वीसच्या वर आहेत. पण रागात मोजते कोण? दुपारी दोरीवर चादर फडफडत होती, बगळ्यासारखी. मी कंबरेवर हात ठेवून तिच्याकडं पाहत उभी होती. साहूबाईले बोलावून दाखवली सुद्धा!

रविवारी त्यायचे शॉपमधले, म्हणजे प्लांटच्या वर्कशॉपमधले, तिघं दोस्त चहाले आले. त्यात यादवजी होते, उतईकडचे. लहानपणी चारा कापायच्या मशीनीत त्यायची करंगळी गेली. मी भजे तळून राहिली होती. बाहेरून आवाज आला, "शोभा, माझ्या झोल्यातलं ते कापड आण ना. आज तुलेही दाखवतो."

"कोणतं कापड?"

"ते पांढरं. सेंडऑफच्या दिवशी साऱ्या शॉपनं ग्रीसमधी हात बुडवून आपापला पंजा दिला त्याच्यावर. फ्रेम करायचं आहे. म्हटलं, हे लोक आले की सगळ्यायच्या समोर तुले दाखवतो."

कढईतले भजे कढईत राहिले.

मी आत गेली. चादर आणली. इस्त्री केलेली होती, तेही सांगून टाकते.

ह्यांनी घडी उघडली. उलटी केली. पुन्हा सुलटी केली. यादवजी उठले, चादरीचा कोपरा धरून खिडकीच्या उजेडात नेला, अन् आपला चार बोटांचा हात त्या कोपऱ्यावर ठेवून पाहिला.

"भउजी," ते हळूच आपल्या गावच्या बोलीत म्हणाले, "मोर हाथ कहाँ हे?" माझा हात कुठी गेला, म्हणे!

मले जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण मी काय केलं? मी भडकली!

"तुम्हीच तर म्हटलं ना, चांगली धू!"

"मी पलंगाच्या चादरीचं म्हटलं होतं," हे म्हणाले. बस, एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. ओरडले असते तर मीही ओरडली असती, बराबरी झाली असती. हा माणूस नुसता ती चादर मांडीवर घेऊन तिच्यावरून हात फिरवत बसला. त्याचाच मले सगळ्यात जास्त राग आला. अन् मग माझाच आला, अन् स्वयंपाकघरात जाऊन मी पदरात तोंड खुपसून रडली.

थोड्या वेळानं यादवजी दारात आले. म्हणाले, "भाभीजी, रोइए मत. साबुन कौन सा था, वो बताइए. हमारी घरवाली भी परेशान है."

रडता रडता मले हसू फुटलं. नालायक माणूस!

पुढच्या रविवारी ग्रीसचा डबा घेऊन शॉपमधले सगळे आले. म्हणजे सगळे नाही. एक जण पोराकडं केरळले निघून गेला होता, एकाची बदली झाली होती. त्यायची जागा ह्यांनी चादरीवर कोरीच ठेवली. त्या दोन कोऱ्या जागा आजही मले टोचतात. बाकीच्यायनं हात दिले, यादवजीनं चार बोटं दिली. मग सगळे माझ्या मागं लागले, "भाभीजी, आपका भी!" मी नाही नाही म्हटलं, पण हात धरून बुडवलाच.

आता ती चादर काचेत आहे, हॉलमधी, दारासमोर. तिच्यावर सगळ्यात पसरट, सगळ्यात काळा पंजा माझा आहे, अगदी मधोमध. येणारा प्रत्येक पाहुणा नेमका तोच विचारते, "मधुकरराव, हा कोण्या मोठ्या साहेबाचा हात?"

अन् हे चहाचा घोट घेऊन, माझ्याकडं न पाहता सांगतात, "साहेब नाही. जिनं आमचं अख्खं शॉप धुऊन काढलं, तिचा आहे."