दार वाजवणाऱ्या प्रभाताई

प्रभाताई गेल्याचं कळलं आणि मला आधी स्वतःचीच भीती वाटली.

परवा पहाटे. हार्ट अटॅक.

डिप्रेशन मला दोनदा येऊन गेलंय. दुसऱ्यांदा बरा झालो तेव्हा डॉक्टर म्हणाले, ते परत यायला नको असेल तर दर बुधवारी ग्रुपमध्ये येऊन बोलायचं. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरजवळचा एक हॉल, एक काउन्सेलर मॅडम आणि आम्ही सगळी साठीच्या पुढची.

माझा जन्म सरकारी नोकरीत गेलेला. पहिल्या दिवशी उभा राहून म्हणालो, "स्थिति संतोषजनक है."

समोरून मराठीत आवाज आला, "अहो साहेब, ही रिव्ह्यू मीटिंग नाही. बसा. झोप लागते का ते सांगा."

त्या प्रभाताई. करोल बागच्या. याच आजारातून उठलेल्या, भयंकर फटकळ.

ग्रुपचा एक नियम त्यांचाच. कुणी आलं नाही तर फोन करायचा नाही, घरी जायचं.

"फोनवर आपण सगळेच 'बढ़िया' म्हणतो हो. दारात गेलं की चेहरा दिसतो."

गेल्या हिवाळ्यात मी जाणं बंद केलं. निमित्त धुक्याचं. खरं तर आंघोळ नको, पेपर नको, कुणाचं तोंडही बघायला नको. बंगलोरच्या मुलाला मात्र रोज "मस्त!"

तर या बाई गुडघे दुखत असताना मेट्रो आणि ऑटो करत नोएडाला माझ्या दारात हजर.

"मला बरं नाहीये, ताई."

"दिसतंय. म्हणूनच आलेय. चपला घाला."

"दाढीसुद्धा केलेली नाही."

"मला काय तुमचं स्थळ बघायचंय? चलो!"

हसलो यार. कित्येक दिवसांनी. आणि गेलो.

आज बुधवार. सकाळी उठवेना. छातीवर तेच जुनं ओझं. वाटलं, आता कोण येतंय दार वाजवायला.

मग शर्माजी आठवले. आमच्याच ग्रुपमधले, एकटे राहतात, ताईंना सख्खी बहीण मानायचे. काल स्मशानातून निघताना म्हणाले होते, "अब मैं नहीं आऊँगा."

असं कसं नाही येणार? बिल्कुल चालणार नाही.

उठलो. मेट्रोत बसून हे लिहितोय. दाढी आजही केलेली नाही.

आधी शर्माजींचं दार, मग ग्रुप. त्यांनी "ठीक हूँ" म्हटलं तरी मी दारातून हलणार नाही.

ताई, तुमची फार आठवण येतेय.

चपला घातल्यात. तुम्ही निवांत जा.