शनिवारी मी काढलेली पिन

नगरच्या दवाखान्यात सुभद्रानं मला शेवटचं विचारलं ते लॅपटॉपाचं. "अवो, शनिवारचं लावलं का?" मी म्हणालो, लावलं. लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली... दोन महिने झाले. तिच्याविषयी चांगलं सांगायला सारं गाव आहे. मला माझं सांगायचंय.

ती सातवी शिकलेली, मी चौथी. आमची लेक शोभा पुण्यात नोकरीला. तिनं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना आईला दिला. त्याची बॅटरी मेलेली, पिन लावली तरच चालायचा. मला ते भंगार वाटायचं. सुभद्रानं त्यावर जनावरांची वही सुरू केली. गावातल्या कुणीही घोडेगावच्या बाजाराला जनावर काढलं की आधी आमच्या अंगणात आणायचं. ती त्याला कुंकू लावायची, भाकरीचा तुकडा द्यायची, मोबाईलवर फोटो काढायची आणि लॅपटॉपात लिहायची. नाव, आईचं नाव, खोड. 'लाल्या. डाव्या बाजूलाच जुंपा. पत्रा वाजला की बिथरतो.' तेच कागदावर उतरवून जनावर विकत घेणाऱ्यासाठी द्यायची. मी म्हणायचो, "बैलाची कुंडली मांडती का?" ती म्हणायची, "लेकीला सासरी तोंड तरी असतंय. त्यानं कुणाला सांगायचं?"

तिचं माहेर शिंगणापूर. लॅपटॉपाला पासवर्डसुद्धा ठेवला नाही. "आमच्याकडं घराला कडी न्हाई, ह्याला कशाला?" पण शोभानं बजावलं होतं, मशीन जुनं आहे, कधीही बसेल. म्हणून लॅपटॉपात आधीपासूनच असलेला एक प्रोग्राम ती शिकली. डिस्क जोडायची, बटण दाबायचं, की सगळ्याची नक्कल डिस्कवर उतरते. दर शनिवारी ती नक्कल लावून माहेरच्या देवाला जायची. जाताना एवढंच सांगायची, हात लावू नका.

घरात चालू बोर्ड एकच. शनिवारी मला मोबाईलवर बैलगाड्यांच्या शर्यती बघायच्या असायच्या. ती जीपमध्ये बसली की मी पिन काढायचो आणि माझा मोबाईल लावायचो. लॅपटॉप विझायचा. ती यायच्या आत पिन परत जागेवर. विझलेला पडदा बघून तिला वाटायचं, काम उरकून आपोआप बंद झाला. दिवाळीपासून सगळे शनिवार असेच...

त्याच दिवसांत मी कपिली विकली. आमची शेवटची गाय. सुभद्रा म्हणत होती, मी काढते धार, राहू द्या तिला. मी ऐकलं नाही. बाजाराला न्यायच्या सकाळी तिनं कपिलीच्या गळ्यात हात टाकला आणि मला फोटो काढायला लावला. फोटो लॅपटॉपात घेतला, मोबाईल भरला होता म्हणून त्यातला पुसून टाकला. कागद गाईच्या गिऱ्हाइकाबरोबर गेला. 'पाठीवर हात ठेवल्याशिवाय पान्हा सोडत नाही,' एवढं मला आठवतं.

संक्रांतीनंतर लॅपटॉप बसला. शोभा फोनवर सांगत गेली, आई बटणं दाबत गेली. तोच प्रोग्राम डिस्कवरची नक्कल परत आणतो म्हणे. बऱ्याच वेळानं पडदा उजळला तशी सुभद्रानं हात जोडले. मग एकेक बघत गेली. लाल्या होता. दिवाळीआधीचे सगळे होते. कपिली नव्हती.

"माझंच कायतरी चुकलं," ती म्हणाली. "डिस्क नीट बसवली नसंल मी."

मी शेजारी चहा पीत होतो. तेव्हा सांगायचं होतं. मी काय म्हणालो? "तरी सांगत हुतो, हे आपलं काम न्हाई."

त्यानंतर मी पिनेला हात लावला नाही. पण बोललोही नाही. ती पुढं वर्षभर जगली, आणि दर शनिवारी मला हाक मारायची, बघा हो, डिस्क बरोबर बसलीय का? मी वाकून बघितल्यासारखं करायचो आणि म्हणायचो, बसलीय. ज्यानं घालवलं त्यालाच विचारत होती... दवाखान्यातसुद्धा सांगता आलं असतं. तिथंही खोटंच बोललो.

शोभालाही हे इथं वाचूनच कळेल.

आता शनिवारी मीच नक्कल लावतो. नवीन काही नसतं, तीच जनावरं, तीच अक्षरं. पडद्यावरची हिरवी रेघ भरेपर्यंत खुर्ची टाकून समोर बसतो. मोबाईल कोपऱ्यात मरून पडलेला असतो. संध्याकाळी शोभा रागावते, "दादा, शनिवारीच तुमचा फोन कसा बंद असतो?"

मी म्हणतो, बोर्ड मोकळा नव्हता.