माळ्यावरचा प्रसाद

चामटोलीहून निघाले तेव्हा बाबांनी माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा टाकला आणि आईने त्यावर भाकऱ्या ठेवल्या. बाबा आनंदनगरच्या कारखान्यात कामाला होते. पाळी सुटली की गेटवर पत्रकं वाटायचे. मी वाचायला शिकले तेही त्यांवरच. "गेल्या गेल्या युनियनचं ऑफिस शोध," ते म्हणाले. आई म्हणाली, "देवलान जात जा गो. वलखी व्हतात." मला हसू आलं. देव म्हणजे मालकांची सोय, हे माझं एकोणिसाव्या वर्षीचं ठाम मत होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापायचं काम मिळालं. खोली मिळाली ती सिंध्यांच्या दरबारामागे, म्हणजे त्यांच्या सत्संगाच्या जागेमागे. तिथल्या प्रमुख मोहिनीबाई. सगळे त्यांना आदराने दादी म्हणत. रोज सकाळी त्यांचा ढोलक माझ्या उशाशी वाजायचा आणि मी चिडून उठायचे.

आमच्या कारखान्यावर एक माळा होता. दुपारी भाताचा टोप वर जायचा, रिकामा होऊन खाली यायचा. माणूस मात्र एकही खाली येत नसे. दाराला बाहेरून कुलूप. एकदा मागच्या बोळातून जाताना वरच्या जाळीतून एका मुलीने विचारलं, "दीदी, ये कौन सा शहर है?"

ती फुलमती. शिलाई शिकवतो म्हणून एका माणसाने तिला आणि आणखी पाच जणींना त्यांच्या गावाहून आणलं होतं.

मला जे येत होतं ते मी केलं. पत्रक लिहिलं. 'वेठबिगारी हा गुन्हा आहे', लाल शाईत, शुद्ध मराठीत. जाळीतून आत सारलं. सहांपैकी एकीलाही मराठी वाचता येत नव्हतं. कारखान्याच्या सेठला येत होतं. दुसऱ्या दिवशी जाळीवर पत्रा ठोकला गेला आणि माझं काम गेलं. चौकीत गेले तर पोलीस म्हणाले, "आत कोणी आहे, हे आधी दाखव."

दादींकडे गेले ती नाइलाजाने. दरबारातला लाउडस्पीकर त्याच सेठने दिलेला. बायकांत कुजबुज झाली. एक म्हणाली, "अपना आदमी है, दादी."

दादी तांदूळ निवडत होत्या. "लाउडस्पीकर उसका है. दरबार उसका नहीं."

त्यांचा एक नियम मी रोज पाहत होते आणि बिनकामाचा समजत होते. ताहिरी, म्हणजे प्रसादाचा गोड भात, कुणाच्या हाती पाठवायचा नाही. ज्याच्या त्याच्या तळहातावर ठेवायचा. चालिहो, त्यांच्या झूलेलाल देवाचं चाळीस दिवसांचं व्रत, चालू होतं. त्यातल्या एका शुक्रवारी दादी, आठ बायका, ढोलक आणि मी कारखान्यात गेलो. सेठ दादींच्या पाया पडला आणि पातेल्याला हात लावत म्हणाला, "ऊपर मैं पहुँचा दूँगा, दादी."

"झूलेलाल का प्रसाद पार्सल नहीं होता, पुट. चाबी ला." मुलाला सांगावं तसं दादी म्हणाल्या.

कारागीर मशीन थांबवून बघत होते. व्रताच्या दिवसांत, बिरादरीच्या बायकांसमोर, नाही म्हणणं त्याला जमेना. कुलूप निघालं. दादींनी सहा तळहातांवर भात ठेवला, मग जिन्यातच बसकण मारून भजन सुरू केलं. त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही. मी चौकीकडे पळाले. आता दाखवायला दार उघडं होतं. पोलिसांनी सहाही जणींना खाली आणलं.

पाच जणींना दरबारातल्या बायका स्वतः गावी सोडून आल्या. लाउडस्पीकर परत गेला. त्याबरोबर सेठच्या बाजूची दोन घरंही दरबारातून गेली. दादींनी आवाज चढवून भजनं म्हटली.

मी अजून हात जोडत नाही. पण चामटोलीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, देऊळ, विहार, मशीद, चर्च, जिथे जात असाल तिथे एवढं करा. कुणाची मुलगी कामाला म्हणून गेली आणि पत्र आलं नाही, हे तुमच्या मंडळाला पोलिसांआधी कळतं. कळूनही टाळ कुटत बसाल तर तो टाळ मालकाचाच. उठा, जाऊन विचारा. बंद दारापर्यंत पत्रक पोचतं, आत माणूसच जावा लागतो. आई बरोबर होती, हे मी बाबांनाही लिहिलं आहे.

फुलमतीला परत घ्यायला घरचं कुणी आलं नाही. ती माझ्याच खोलीत राहते. रोज संध्याकाळी ती आतून कडी लावते, एकदा उघडून बघते, मग पुन्हा लावते. घर कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी मी चामटोली सांगायचे. आता आधी ही कडी आठवते.