ऐकता येईल अशी पुस्तिका

अकोल्याच्या जठारपेठेतल्या कितीतरी लग्नपत्रिका देवीदासभाऊ गावंडे यांच्या हातून गेल्या आहेत. शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या खोक्यांवरची लेबलंही त्यांचीच. तरुणपणी छापखान्यात ते शिशाचे खिळे जुळवत. पुढे कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यावरही त्यांनी त्याच रीतीने काम केलं, म्हणजे सगळं लक्ष पानाच्या रूपाकडे. पान लावून झालं की खुर्ची मागे सरकवायची, मान तिरपी करायची आणि मजकुराचा एक शब्दही न वाचता सांगायचं, "डाव्या बाजूनं जड झालं."

"नवरदेवाचं नाव चुकलं तरी चालन, पण किनार चुकली नाई पायजे, असं हाये यायचं," असं त्यांच्या पत्नी जमुनाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. एकदा नाव खरोखरच चुकलं होतं, त्यामुळे देवीदासभाऊ या वाक्यावर कधी बोलत नसत.

अशा माणसाकडे अमरावतीचे किशोर राऊत सर एक वेगळंच काम घेऊन आले. सर ग्रंथपाल होते. 'पोथीघर' नावाची एक मोफत संगणक-प्रणाली त्यांना आवडली होती. पुस्तकं देणं-घेणं, शोधणं, सगळं तीत होतं. पण ती कशी वापरायची हे मराठीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून सरांनी आणि त्यांच्या ओळखीच्या काही ग्रंथपालांनी एकेक प्रकरण वाटून घेतलं, फावल्या वेळात लिहिलं. पैसे कुणी घेतले नाहीत, कुणी देणारही नव्हतं. आता त्या ढिगाऱ्याचं पुस्तक करणारा माणूस हवा होता.

"मी करून देतो," देवीदासभाऊ म्हणाले. "पण माह्या पद्धतीनं."

ती पद्धत अशी. सर्वांनी मजकूर मोबाईलवर, घरच्या कॉम्प्युटरवर टाईप करून पाठवला होता. कोणत्याही यंत्राला मराठी म्हणून ओळखता येते, तशी ती सरळ मराठी होती. पण देवीदासभाऊंचा पान लावायचा प्रोग्रॅम जुना होता आणि त्यातले त्यांचे आवडते फॉन्ट त्याहून जुने. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण यंत्राच्या हिशेबी तिथे एखादं इंग्रजी अक्षर किंवा कंस असतो. डोळ्याला फरक कळत नाही. देवीदासभाऊंनी सगळा मजकूर त्या फॉन्टमध्ये उतरवून घेतला, शुद्धलेखन सुधारलं, वाक्यं नीट केली, चित्रांवर लाल बाण काढले, प्रत्येक प्रकरणाला वेलबुट्टीची चौकट दिली. पीडीएफ झाली. किशोर सरांनी ती ग्रंथपालांच्या मंडळाच्या संकेतस्थळावर चढवली. ग्रंथपालांच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. देवीदासभाऊंनी ती रांग जमुनाबाईंना दाखवली.

"आता वाचली कोनी, ते इचारा," त्या म्हणाल्या.

दिवाळीच्या आधी एका दुपारी फोन आला.

"गावंडे काकाजी का? मी माधवी तायडे. परतवाड्याहून. कॉलेजच्या लायब्ररीत सहायक आहे. तुमची पुस्तिका माह्या फोनवर बोलून नाही राहिली."

"बोलन कशी? ते पुस्तक हाये, गाणं नाई."

"मले दिसत नाही, काकाजी. लहानपणापासून. मी फोनकडून वाचून घेते. ऐका, काय म्हणते ते."

आणि तिने बोलत्या फोनजवळ आपला दुसरा फोन धरला. यंत्रातली बाई मोठ्या गंभीरपणाने वाचू लागली, "एफ, कंस, डॉलर, लहान के, स्वल्पविराम, कंस." थांबली. मग पुन्हा, "डॉलर, डॉलर, एस." देवीदासभाऊंना ते पान पाठ होतं. 'पुस्तकाची नोंद कशी करावी' हे ते प्रकरण. त्यांनीच त्याचं शीर्षक तीन वेळा हलवून बरोबर मधोमध बसवलं होतं.

"कुनाकडून तरी वाचून घ्या न, बाई," ते म्हणाले.

"वाचून दाखवणारे लय मिळतात. एक दिवस, दोन दिवस. मंग त्याईले काम निघते." तिचा आवाज चिडलेला नव्हता, हेच त्यांना जास्त लागलं. "दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या इथं सगळं पोथीघरावर जाणार. प्राचार्य म्हणाले, तोवर शिकल्या तर टेबलावर रहा, नाही तर तुमाले वाचनालयाच्या दारावर बसवू. दारावर पगार तोच हाये. पण मी ग्रंथालयाची परीक्षा दारावर बसाले नाही दिली."

फोन ठेवल्यावर देवीदासभाऊंनी पडद्यावर ते पान उघडलं. पान सुरेखच होतं.

दुसऱ्या दिवशी ते अमरावतीला गेले. राजापेठेत उतरून सरळ किशोर सरांच्या घरी. सरांनी ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"चूक माझी, भाऊ. मी विचारायला हवं होतं. सोपं आहे, सगळ्यांनी पाठवलेला मूळ मजकूर माझ्याकडे आहे. तोच पाठवून देऊ तिला."

"तो कच्चा हाये, सर. कोनं 'वरील बटन' लिहिलं, बटन खाली. दोन प्रकरणाईत तर एकाच बटनाची नावं वेगवेगळी. मी ते सगळं नीट केलं. पन केलं ते माह्या फॉन्टमधी."

"मग तुमचं उलटं करून घेऊ. तसे प्रोग्रॅम असतात."

तसे असतात खरे. पण त्यातून आलेल्या मजकुरात वेलांट्या भलत्या अक्षरांवर गेल्या होत्या, तक्त्यांचे रकाने एकमेकांत घुसले होते, आणि वेलबुट्टीच्या जागी ओळभर प्रश्नचिन्हं आली होती. देवीदासभाऊंनी दोन पानं वाचली आणि फाईल बंद केली.

"नव्यानं करतो," ते म्हणाले. "मले दाखवा कसं."

किशोर सरांनी दाखवलं. मजकूर एकच ठेवायचा, सरळ मराठीत. त्यात फक्त सांगायचं, हे शीर्षक, ही पायरी, ही सूचना. मग त्या एका मजकुरातूनच छापायची फाईल निघते, फोनवर अक्षर लहान-मोठं करता येणारं ई-पुस्तक निघतं, आणि संकेतस्थळावरचं पानही. एका ठिकाणी दुरुस्ती केली की तिन्हीकडे होते.

"शीर्षक मोठं कुठं करू?"

"मोठं करू नका. शीर्षक आहे एवढं सांगा. ज्याचं यंत्र जसं असेल तसं ते दाखवेल, नाही तर बोलेल."

"म्हणजे पान कसं दिसन, ते मले माहीतच नसन?"

सर हसले. "नाही."

हे पचवायला देवीदासभाऊंना प्रकरणांपेक्षा जास्त वेळ लागला. हात आपोआप अक्षर ठळक करायला जाई, ओळ मध्ये आणायला मोकळ्या जागा टाकी. माधवीकडे पहिलं प्रकरण गेलं, तेव्हा तिचा निरोप आला, "काकाजी, मजकूर छान वाचते. पण मधातच फोन 'मोकळी जागा, मोकळी जागा' म्हणून दमून राहिला."

ते सुधारलं. मग चित्रं आली. 'खालील चित्रात दाखवल्याप्रमाणे करावे' असं पानोपानी होतं.

"फोन काय सांगते?" त्यांनी विचारलं.

"फोन म्हणते, 'चित्र'. एवढं तर मीही सांगितलं असतं."

मग प्रत्येक चित्राखाली त्यातलं शब्दांत लिहायचं ठरलं. पहिल्या चित्राचं वर्णन देवीदासभाऊंनी मन लावून केलं. निळसर पट्टी, तिच्यावर पांढरी अक्षरं, उजव्या कोपऱ्यात नाजूक गोल. ते ऐकून माधवी फोनवर म्हणाली, "लय सुंदर झालं. पण रंग राहू द्या, काकाजी. दाबायचं काय?"

जमुनाबाई बाजूलाच भाजी निवडत होत्या. त्यांना एवढं हसू आलं की मेथीची जुडी खाली पडली.

तेव्हापासून ते लिहून झालं की फोन उपडा ठेवत, डोळे मिटत आणि आपलंच लिहिलेलं ऐकत. ऐकताना लांब वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात विसरायला होते, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. वाक्यं आखूड झाली. एका पायरीत एकच काम आलं.

पुस्तक परत घेण्याच्या प्रकरणाशी मात्र माधवी अडली. "तुमी म्हणता, क्रमांक टाका, पुस्तक जमा होईल. मी टाकला. होऊन नाही राहिलं. सकाळपासून करून राहिली."

ते प्रकरण किशोर सरांनी स्वतः लिहिलेलं. देवीदासभाऊंनी सरांनाही फोनवर घेतलं.

"असं कसं? शेवटी 'जमा' दाबायचं, ते दाखवलंय ना चित्रात. बाण आहे," सर म्हणाले.

देवीदासभाऊंनी सरांनी पाठवलेला मूळ मजकूर उघडून पाहिला.

"बाण मीच काढला होता, सर," देवीदासभाऊ म्हणाले. "मजकुरात ते कुठंच नाई."

"इतके महिने झाले. कुणी सांगितलं कसं नाही?"

"वाचलं असन तर सांगतीन न," माधवी म्हणाली, आणि मग तिलाच ते जरा जास्त झाल्यासारखं वाटलं. "म्हणजे बाकीच्याईले बाण दिसला असन, सर."

सर्वांनी मिळून राहिलेल्या प्रकरणांतले सगळे बाण शोधले आणि प्रत्येकाची पायरी लिहून काढली. सुट्टी संपत आली होती. शेवटची प्रकरणं देवीदासभाऊंनी गाडी सुटायच्या घाईने पाठवली. एकदा ऐकून पाहिली, दुसऱ्यांदा ऐकायला वेळ उरला नाही.

कॉलेज उघडलं त्या दिवशी परतवाड्याला एका घरच्या पत्रिका पोचवायच्या होत्या. कुरियरने गेल्या असत्या. देवीदासभाऊ स्वतः गेले.

ग्रंथालयात ते आत शिरले तेव्हा प्राचार्य टेबलासमोर उभे होते. माधवी ठेंगणी, ताठ बसलेली, एका कानात कॉम्प्युटरचं बोलणं ऐकायचा इयरफोन. देवीदासभाऊंनी तिला प्रथमच पाहिलं. आपण आलोय हे त्यांनी सांगितलं नाही, दाराशीच थांबले.

प्राचार्यांनी न्यायला एक पुस्तक पुढे केलं. तिने ते त्यांच्या नावावर नोंदवलं. त्यांनी दुसरं परत केलं. तेही जमा झालं. मग त्यांनी एका विद्यार्थ्याच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि पुढे ठेवलं. "हे जमा करा, आणि लगेच माझ्या नावावर द्या."

माधवीची बोटं चालली आणि थांबली. पडद्यावर काहीतरी सूचना आली होती. तिने ती पुन्हा ऐकली. ते पुस्तक दुसऱ्या कुणासाठी राखीव ठेवलेलं होतं, ते प्राचार्यांना देता येणार नव्हतं, आणि प्रणाली तिला पुढे जाऊ देत नव्हती. दारातून देवीदासभाऊंना पडदा दिसत होता. त्यांच्या लक्षात आलं, हे शेवटच्या प्रकरणातलं आहे. तिने ते अजून ऐकलंही नसेल. चार पावलं पुढे जाऊन सांगता आलं असतं. पाय निघाला होता. त्यांनी तो मागे घेतला.

माधवीने टेबलावरचा फोन उचलला, त्यातल्या पुस्तिकेत 'राखीव' शब्द टाकून शोधला, बोटाने शीर्षकामागून शीर्षक मागे टाकत गेली. एका ठिकाणी थांबून ऐकलं. यंत्र भराभर बोलत होतं, दाराशी काहीच ऐकू येत नव्हतं. प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. ते काहीतरी म्हणणार, तोच तिने फोन ठेवला आणि तीन कळा दाबल्या.

"सर, पुस्तक जमा झालं. पण ते बीएच्या एका मुलीसाठी राखीव आहे. तुम्हाला देता येत नाही. तुमचं नाव तिच्यानंतर लावलंय."

प्राचार्यांनी वाकून पडद्यावर पाहिलं. स्वतःचं नाव दुसऱ्या क्रमांकावर वाचलं.

"हे कुणी शिकवलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही, सर. आत्ताच वाचलं."

ते सरळ झाले. मग शिपायाला म्हणाले, "दारावर दुसरं कुणी बघा." आणि ते पुस्तक न घेता निघून गेले.

देवीदासभाऊ पुढे झाले. नाव सांगितलं. माधवीने आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि तोंडभर हसली.

"काकाजी, तुमी? बसा नं." एवढं म्हणते तोवर त्यांच्या मागून कुणीतरी पुस्तक पुढे सरकवलं, त्याच्या मागे आणखी एक मुलगी, तिच्या मागे दोघं. "नाही, बसू नका. जरा बाजूले सरका. लाईन लागली हाये."

देवीदासभाऊ पत्रिकांची पिशवी पोटाशी धरून बाजूला सरकले.