सुमनताईंची मूठ

"ताई, बांगड्या काढाव्या लागतील. मनगटाचा पट्टा बसत नाहीये."

माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी अश्विनी एवढंच बोलली आणि सुमनताईंनी मशीनमधला हात दुसऱ्या हाताने ओढून घेतला.

"न्हाई काढायच्या. लेकीचं लगीन आठ दिसांवर आलंय. हिरवा चुडा काय उतरवायचा असतोय का, बाई?"

लातूरच्या एका फिजिओथेरपी सेंटरमधली ही गोष्ट. मी नांदेडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. विषय हॅप्टिक्स, म्हणजे स्पर्शाचं शास्त्र. मोबाईलवर टाईप करताना बोटाखाली बारीक थरथर जाणवते, ते त्यातलं सगळ्यात गरीब उदाहरण. यंत्राला माणसाचा स्पर्श कळावा आणि माणसाला यंत्राचा स्पर्श सोसावा, या भानगडीत माझी पंचवीस वर्षं गेली. निलंग्याकडचे नातेवाईक मात्र अजूनही मी दिसलो की मोटारीचा बिघडलेला स्टार्टर पुढे करतात.

सुमनताई मुरुडच्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. चालायला लागल्या, बोलायला लागल्या, पण उजवी मूठ आवळली ती आवळलीच. 'सैल हो' हा मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून असं होतं. नखं तळव्यात रुततात, आत ओल राहून कातडी सोलते. मूठ रोज उघडून धुवायला हवी. पण ताई अशा कळवळायच्या की घरात कुणाचं धाडस होईना. शेवटी सर्जनने ऑपरेशन सुचवलं. बोटांचे स्नायुबंध मोकळे करायचे. मूठ उघडली असती, पण पकड जाण्याची भीती होती.

"ह्याच मुठीत पिशवी अडकवून मी बाजार करते, सर," ताई म्हणायच्या. "तेबी गेलं तर हात निस्ता लोंबायचा."

आमचं मशीन त्यासाठीच होतं. बोटांत मऊ पट्टे अडकवायचे आणि छोट्या मोटारींनी बोटं हळूहळू सरळ करायची. घरी नेता येईल एवढं लहान. पण मशीनने बोट ओढलं की ताईंची मूठ आणखी घट्ट व्हायची. दोन महिने हेच चाललं होतं, आणि सर्जनने लग्नानंतरच्या आठवड्यातली तारीख दिली होती.

तर त्या दिवशी पट्टा बांगड्यांच्या वर बांधायचं ठरेपर्यंत मी त्या बांगड्या बघत बसलो. काचेच्या, मनगटाला बेताच्या. माझी ट्यूब जरा उशिराच पेटते.

"ताई, या हातात बांगड्या गेल्या कशा?"

"रशीदाखालानं भरल्या की."

"मूठ उघडली?"

"मंग काय मुठीवरून जात्यात का, सर?" ताई हसल्या. "दुखलंबी न्हाई."

अश्विनीने लगेच दुकानाचा पत्ता लिहून घेतला.

रशीदाखालांचं गंजगोलाईच्या बाजारात बांगड्यांचं दुकान. सासूच्या हाताखाली शिकल्या, चाळीस वर्षं बायकांचे हात हाताळले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना सेंटरवर आणलं. दाब मोजणारे सेन्सर बसवलेला हातमोजा पुढे केला. त्यांनी तो बघितला आणि टेबलावर ठेवला.

"हे घालून बांगड्या भरू? मंग मला हात दिसंल कसा, साहेब?"

बरोबर होतं त्यांचं. आम्ही सेन्सर ताईंच्या बोटांवर चिकटवले.

खालांनी बोटं ओढलीच नाहीत. मूठ दोन्ही हातांत घेतली आणि उलट आणखी मिटवली. मग दाब सोडला. मग नुसती धरून बसल्या. जावई काय करतो, मांडव कुठं, स्वयंपाकाला कोण, सगळी चौकशी झाली. मध्येच करंगळी किंचित उचलली, पुन्हा थांबल्या. पुन्हा गप्पा.

"जबरदस्ती नक्को," त्या मला म्हणाल्या. "हात रुसलेला असतोय. वढला की आणिक रुसतोय."

काही मिनिटांत सुमनताईंचा तळवा आमच्यासमोर उघडा होता. अश्विनीने ओल्या कापडाने तो पुसून घेतला.

मी खुशीत नांदेडला आलो. अर्ध्या रस्त्यात संशोधन-पेपरचं नावसुद्धा ठरवून झालं. अश्विनीने रेकॉर्डिंग साफ करून मशीनला शिकवलं, आणि चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा लातूरला गेलो. मशीन सुरू केलं. ताईंची मूठ इतकी आवळली की सुरक्षेसाठी ठेवलेला स्विच पडून मशीन बंद झालं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी धीर त्या मलाच देऊ लागल्या.

"ऱ्हाऊ द्या, सर. तुम्ही लई केलं. मी करून घेते आपरेशन."

मला भयंकर लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

तिथेच लॅपटॉप उघडून मी खालांचं मूळ रेकॉर्डिंग आणि मशीनला दिलेलं रेकॉर्डिंग शेजारी शेजारी लावलं. आमचं लांबीला त्याच्या पाव हिश्शाचंसुद्धा नव्हतं.

"अश्विनी, बाकीचा वेळ कुठे गेला?"

"सर, तिथे काहीच होत नव्हतं. खाला नुसत्या हात धरून बोलत होत्या. म्हणून ते तुकडे कापले."

रागवणार होतो, पण कुणावर? तांदळातले खडे वेचावेत तसा डेटा निवडा, जिथे हालचाल नाही तो भाग फेका, हे दर वर्षी वर्गात कोण शिकवतं? मीच. आम्ही खडे म्हणून तांदूळच फेकले होते.

फेकलेले तुकडे काढून बघितले. खालांच्या तळव्याचा अगदी हलका, एकसारखा दाब होता, आणि त्याखाली ताईंची बोटं हळूहळू सैल होत गेलेली दिसत होती. सगळं काम त्या रिकाम्या जागांतच झालं होतं. आम्ही ते सगळे तुकडे जिथल्या तिथे परत बसवले.

लग्नाला दोन दिवस उरले असताना ताई आमच्या हट्टाखातर आल्या. मशीनने मूठ थोडी मिटवली, सोडली आणि थांबलं. मोटारींचा आवाज बंद झाला. खोलीत सगळे गप्प. मशीनला गप्पा कुठे येतात? शेवटी अश्विनीनेच विचारलं, "ताई, जावई काय करतात?"

"रेल्वेत हाय. मुदखेडला," ताई म्हणाल्या, आणि पुढे बोलतच राहिल्या. करंगळी उठली. मग तिच्या शेजारचं बोट. अंगठा सगळ्यात शेवटी.

बांगड्या भरून झाल्या की भरणारीला नमस्कार करायची आमच्याकडे रीत आहे. ताईंनी पट्टे काढायला लावले. डाव्या हाताने उजवा हात उचलला, दोन वर्षांनी तळव्याला तळवा लावला आणि त्या मशीनपुढे वाकल्या. बोटं जरा वाकडीच होती. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

सेंटरच्या डॉक्टर शिल्पा दारातून बघत होत्या. मी मोठ्या उत्साहाने त्यांना थांबण्याचा शोध समजावून सांगितला.

"थांबावं लागतं हे आम्हाला माहीत आहे, सर," त्या म्हणाल्या. "बाहेर वीस पेशंट बसलेले असले की थांबता येत नाही. आणि तुम्ही विचारलं कुठे?"



ऑपरेशनची तारीख आधी पुढे गेली, मग रद्द झाली. मशीन आता मुरुडला आहे. ताईंचे यजमान ते रोज सकाळी लावतात आणि समोर बसून बोलत राहतात. "लगीन झाल्यापून हे येवढं कधी बोलले न्हाईत," असं ताई फोनवर सांगतात.

आमच्या पेपरवर तिसरं नाव रशीदाखालांचं आहे. पेपर छापण्याआधी परीक्षक तो तपासतात. त्यातल्या एकाने शंका काढली: या टप्प्यात मोटारी बंद, बल जवळजवळ शून्य, मग एवढा वेळ यंत्र करतं तरी काय?

मी उत्तर लिहिलं, "हात धरून बसतं."

अश्विनीने ते खोडून इंग्रजीत चार ओळींचं शास्त्रीय उत्तर पाठवलं, आणि ते मंजूरही झालं. वर्गात मात्र मी माझंच शिकवतो.