पेटीचा भाता

गणपतीच्या आरत्यांसाठी मी पावसाळाभर बंद असलेली बाजाची पेटी काढली. भात्याच्या घड्यांत हिरवट बुरशी धरली होती. वाजते का ते बघावं म्हणून, न पुसताच मी एक पट्टी दाबून भाता मारला. सूर निघाला, पण त्याच्याबरोबर बारीक धूळही उठली आणि खिडकीतल्या उन्हाच्या तिरिपीत तरंगत राहिली.

"अहो, आधी ओल्या फडक्यानं पुसायची ना," बायको म्हणाली. "बाळ आहे इथे."

पाळण्यात आमची महिन्याची नात होती.

मी भात्यावर हात ठेवून तसाच बसलो. ती धूळ नव्हतीच. तिचा एकेक कण म्हणजे बुरशीचं बी होतं. त्याला शेत लागत नाही. जरासा वारा आणि कुठेतरी ओल मिळाली की ते रुजतं. वारा तर मीच घातला होता. घरात ओल कुठे कुठे आहे, ते मी आठवू लागलो. मोरी, माठाखालची फरशी, कपाटामागची भिंत. माणसाच्या छातीतही ओल असते, हे शेवटी आठवलं.

कण पाळण्याकडे सरकत होते. बायको बाळाला उचलायला वाकली, तेवढ्यात नातीनं तोंड उघडून मोठी जांभई दिली.